आज धरून की आज सोडून? लॅटिन आणि इतर भाषांत काळवेळेचे शब्द कसे वापरावेत

रावेरच्या केळी व्यापाऱ्याला बुऱ्हाणपूरकडून मोबाइलवर दोनच शब्द येतात : 'कल गाड़ी'. गाडी काल निघाली की उद्या येणार? हिंदीत 'कल' दोन्हीकडे चालतो. खरा अर्थ क्रियापदातून कळतो आणि घाईच्या निरोपात गळतं ते नेमकं क्रियापदच. मराठी माणूस याला हसतो, पण त्याचा 'परवा' तसाच दुतोंडी आहे. 'परवा माल मिळाला' आणि 'परवा माल मिळेल' यांतला फरक शेवटच्या शब्दावर टेकलेला असतो.

परक्या भाषेतले काळवेळेचे शब्द पाठ करणं अवघड नाही, आठवडाभरात होतं. चुका होतात त्या दोन ठिकाणी : शब्द मागे बघतो की पुढे, आणि मोजताना आजचा दिवस धरलाय की सोडलाय. लॅटिन शिकताना हे दोन प्रश्न सतत विचारावे लागतात. त्या भाषेतले काही हिशेब आपल्या मराठीशी इतके जुळतात की इंग्रजीच्या वाटेने गेलं तर उलट लांब पडतं.

आधी उच्चार

लॅटिनचा 'त' आणि 'द' दंत्य आहे, अगदी आपल्यासारखा. इंग्रजी शाळेत शिकलेला 'ट' इथे आणू नका. अभिजात उच्चारात 'सी' या अक्षराचा नेहमी 'क' होतो. चर्चच्या परंपरेत मात्र इ आणि ए या स्वरांपूर्वी त्याचा 'च' होतो. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एका वाक्यात मिसळू नका. 'व्ही' अक्षराचा अभिजात उच्चार आपल्या मराठी 'व'च्या फार जवळ जातो, ओठ चावायची गरज नाही.

खरी अडचण ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांची. आपल्या रोजच्या देवनागरीत त्यांना वेगळी चिन्हं नाहीत. 'होदिए'मधला 'हो' ऱ्हस्व आहे, लांबवायचा नाही, आणि 'हॉ'ही करायचा नाही. आघाताचा नियम सोपा : शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, नसेल तर शेवटून तिसऱ्यावर. म्हणून को-ती-दि-ए (रोज) या शब्दात 'ती'वर जोर येतो.

पायरी पहिली : पाच दिवसांची ओळ

शब्द सुटे पाठ करू नका. आज मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस लावा :

नुदिउस तेर्तिउस (परवा, मागचा) – हेरी (काल) – होदिए (आज) – क्रास (उद्या) – पेरेन्दिए (परवा, पुढचा)

आपल्याला एका 'परवा'साठी इथे दोन शब्द मिळतात, म्हणजे गोंधळाला जागाच नाही. 'होदिए' हा 'होक' आणि 'दिए' यांचा जोड आहे, अर्थ 'या दिवशी'. 'हेरी' आणि संस्कृतचा 'ह्यः' हे एकाच घरातले. जर्मन 'गेस्टर्न' आणि इंग्रजी 'यस्टरडे'सुद्धा त्याच कुळातले.

यातला सर्वांत गमतीचा शब्द 'नुदिउस तेर्तिउस'. त्याची फोड 'आता तिसरा दिवस' अशी होते. खानदेशात कुणी म्हणतं, 'पाहुणे जाऊन आज तिसरा दिवस', तेव्हा पाहुणे परवा गेलेले असतात. जायचा दिवस पहिला, काल दुसरा, आज तिसरा. रोमन माणूस नेमकं हेच म्हणतो. पुढे 'नुदिउस क्वार्तुस' म्हणजे आज चौथा दिवस, अर्थात आपला तेरवा. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास 'तीन दिवसांपूर्वी' असं भाषांतर करतात आणि एक दिवस चुकतात. मराठीतून थेट गेलात तर चुकणार नाही.

या ओळीशेजारी दोन शब्द वेगळे ठेवा : 'प्रीदिए' (आदल्या दिवशी) आणि 'पोस्त्रीदिए' (दुसऱ्या दिवशी). हे आजपासून मोजत नाहीत, गोष्टीत चाललेल्या दिवसापासून मोजतात. मराठीत 'लग्नाच्या आदल्या दिवशी' आणि 'काल' यांची अदलाबदल होत नाही, तशीच यांचीही होत नाही.

आता इतर भाषांतली हीच ओळ. स्पॅनिश : आन्तेआयेर, आयेर, ओइ, मान्याना, पासादो मान्याना. इटालियन : लाल्त्रो येरी, येरी, ऑज्जी, दोमानी, दोपोदोमानी. जर्मन : फोरगेस्टर्न, गेस्टर्न, हॉयटे, मॉर्गेन, युबरमॉर्गेन. स्पॅनिशचा 'ओइ' आणि इटालियनचा 'ऑज्जी' ही दोन्ही 'होदिए'चीच झिजलेली रूपं. फ्रेंच 'ओजुर्दुई'च्या शेपटातला 'उई'सुद्धा तोच, म्हणजे फ्रेंच माणूस 'आजच्या दिवसाच्या दिवशी' असं काहीसं म्हणत असतो. आपल्याकडे 'आजच्याला' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

गुजरातीत 'काले' पुन्हा दुतोंडी होतो, म्हणून 'गई काले' (काल) आणि 'आवती काले' (उद्या) असं फोडून म्हणायची सवय लावा. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. त्या पट्ट्यात माल, मजूर किंवा गाडी ठरवताना नुसतं 'काले' म्हणून फोन ठेवणं म्हणजे वादाला निमंत्रण. 'परम दिवसे'ही दोन्हीकडे चालतो. अशा वेळी वार जोडावा : 'आवती काले, बुधवारे'. एक शब्द जास्त, पण फेरा वाचतो.

दुतोंडी शब्द लॅटिनमध्येही आहे. 'ओलिम' म्हणजे 'पूर्वी कधीतरी', आणि 'पुढे कधीतरी'सुद्धा. क्रियापद पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नका.

पायरी दुसरी : दिवसाचे भाग आणि त्यांची जोडणी

माने (सकाळी), मेरीदिए (दुपारी बाराच्या सुमारास), वेस्पेरी (संध्याकाळी), नोक्ते किंवा नोक्तू (रात्री). 'मेरीदिएस'ची फोड 'मधला दिवस', म्हणजे आपला मध्याह्न. घड्याळावरचं ए. एम. म्हणजे 'आंते मेरीदिएम', मध्याह्नाआधी, आणि पी. एम. म्हणजे 'पोस्त मेरीदिएम', मध्याह्नानंतर.

जोडणी मराठीसारखीच, प्रत्ययाची भानगड न करता शेजारी ठेवायची : होदिए माने (आज सकाळी), हेरी वेस्पेरी (काल संध्याकाळी), क्रास माने (उद्या सकाळी). 'आज रात्री'साठी मात्र 'हाक नोक्ते', 'या रात्री'.

सकाळ आणि उद्या यांची सरमिसळ जगभर आहे. स्पॅनिश 'मान्याना' म्हणजे सकाळही आणि उद्याही. जर्मन 'मॉर्गेन'चंही तसंच. फ्रेंच 'दमँ' आणि इटालियन 'दोमानी' लॅटिन 'दे माने'पासून आले, म्हणजे मूळ 'सकाळपासून'. 'क्रास' बिचारा बहुतेक ठिकाणी मेला, सार्डिनिया बेटाच्या भाषेत आणि दक्षिण इटलीच्या काही बोलींत तेवढा टिकला. अहिराणी बोलणाऱ्याला यात नवल वाटू नये. 'सकाय धुयाले जासू' म्हणजे उद्या धुळ्याला जाईन, आणि 'सकाय' म्हणजे सकाळसुद्धा. प्रमाण मराठीचा 'उद्या'ही 'उदय'मधूनच आलाय. 'काल' आणि हिंदी 'कल' दोन्ही संस्कृत 'कल्य' म्हणजे पहाट या शब्दातून आले, फक्त मराठीत त्या पहाटेने तोंड मागे फिरवलं.

ही सरमिसळ आहे म्हणूनच 'उद्या सकाळी' म्हणताना घोळ होतो. स्पॅनिशमध्ये 'मान्याना पोर ला मान्याना' म्हणायचं, तिथे शब्द दोनदा चालतो. जर्मनमध्ये 'मॉर्गेन मॉर्गेन' म्हणत नाहीत, 'मॉर्गेन फ्र्यू' म्हणतात, शब्दशः 'उद्या लवकर'.

रोजच्या वापरासाठी आणखी थोडे शब्द पुरतात : नुंक (आता), मोक्स (लवकरच), तुम (तेव्हा), सेंपेर (नेहमी), साइपे (पुष्कळदा), इंतेर्दुम (कधीकधी), नुंक्वाम (कधीच नाही). शेवटच्या शब्दात नकार आधीच आहे, म्हणून मराठीच्या सवयीने त्यामागे आणखी 'नोन' लावू नका. लावलात तर अर्थ फिरतो.

पायरी तिसरी : आज धरायचा की सोडायचा

बहुतेक गडबड इथे होते, म्हणून इथे थोडं थांबा.

आठवडा सात दिवसांचा, मग नावात आठ का? कारण या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोकं धरली तर आठ होतात. फ्रेंच माणूस आठवड्याला 'युइ जूर', आठ दिवस म्हणतो आणि पंधरवड्याला 'कँझ जूर', पंधरा दिवस. जर्मन 'इन आख्ट टागेन', आठ दिवसांत, म्हणजे पुढच्या आठवड्यात याच वारी. आपण 'आठ दिवसांनी या' म्हणतो तेच. रोमनांचा बाजार दर आठ दिवसांनी भरे आणि त्याचं नाव 'नुंदिने', नवव्या दिवसाचा. आपण साताला आठ म्हणतो, ते आठाला नऊ म्हणत.

ताप घ्या. एक दिवसाआड येणाऱ्या हिवतापाला लॅटिनमध्ये 'फेब्रिस तेर्तिआना', तिसऱ्या दिवसाचा ताप. दोन दिवसांआड येणारा 'क्वार्ताना'. आयुर्वेदात हेच तृतीयक आणि चतुर्थक ज्वर. दोन्हीकडे आलेला दिवस धरूनच मोजलंय. 'तिसऱ्या दिवशी येतो' हे वाचून बहात्तर तास धरलेत तर चुकलात, ते अठ्ठेचाळीस आहेत.

ही पद्धत खुद्द रोमनांनाही महागात पडली. ज्यूलियस सीझरने इसवी सनपूर्व ४५ मध्ये नवं पंचांग लागू केलं : दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त. त्याच्या मृत्यूनंतर पुरोहितांनी 'चौथं' हे धरून मोजलं आणि दर तीन वर्षांनी दिवस वाढवत गेले. छत्तीस वर्षांत ९ ऐवजी १२ दिवस वाढले. मग ऑगस्टसने काही वर्षं लीप दिवस थांबवून हिशेब सरळ केला.

वापरताना हे करा. परक्या भाषेत 'अमुकाव्या दिवशी' असा क्रमवाचक शब्द आला की बोटावर पहिला दिवस धरून मोजा. 'अमुक दिवसांनंतर' असा संख्यावाचक शब्द आला की भाषा बघा : इंग्रजीत पहिला दिवस सोडा, फ्रेंचमध्ये आठ आणि पंधरा या दोन आकड्यांपुरता धरा, बाकी आकड्यांना सोडा. व्यवहाराचं काम असेल तर संख्या विसरा आणि तारीख सांगा.

पायरी चौथी : रोमन तारीख लिहिणं

रोमन तारखा पुढे नाही, मागे मोजतात. महिन्यात तीन खुंट्या : कालेंदे (१ तारीख), नोने (५) आणि ईदूस (१३). मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत नोने ७ ला आणि ईदूस १५ ला. बाकी सगळ्या तारखा पुढच्या खुंटीला किती दिवस उरले यावरून, आणि मोजताना दोन्ही टोकं धरून.

सूत्र असं. तारीख नोने किंवा ईदूसच्या आधीची असेल तर खुंटीच्या तारखेत १ मिळवा आणि आपली तारीख वजा करा. ईदूस उलटले असतील तर चालू महिन्याच्या एकूण दिवसांत २ मिळवा आणि तारीख वजा करा. एक वाढतो कारण खुंटी पुढच्या महिन्यात आहे, दुसरा वाढतो कारण आजचाही दिवस धरायचाय.

३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती : ५ + १ – ३ = ३. 'आंते दिएम तेर्तिउम नोनास यानुआरिआस', म्हणजे जानेवारीच्या नोनेआधीचा तिसरा दिवस.
८ मार्च : १५ + १ – ८ = ८. 'आंते दिएम ओक्तावुम ईदूस मार्तिआस'.
२६ जानेवारी : ३१ + २ – २६ = ७. 'आंते दिएम सेप्तिमुम कालेंदास फेब्रुआरिआस'. दिवस जानेवारीचा, नाव फेब्रुवारीचं. नवखे इथे महिना चुकवतात.
१५ ऑगस्ट : ३१ + २ – १५ = १८. 'आंते दिएम दुओदेवीकेसिमुम कालेंदास सेप्तेंब्रेस'. अठराला लॅटिन 'विसाला दोन कमी' म्हणतं आणि एकोणीसला 'विसाला एक कमी'. आपला एकोणीस, एकोणतीस तसाच बनलाय.
१ मे : खुंटीवरच आलो, म्हणून नुसतं 'कालेंदीस माइईस'.

उत्तर २ आलं तर 'दुसरा' लिहायचं नाही, 'प्रीदिए' लिहायचं. ३१ जानेवारी म्हणजे 'प्रीदिए कालेंदास फेब्रुआरिआस'. उत्तर १ आलं तर तुम्ही खुंटीवरच उभे आहात, पुन्हा तपासा.

लीप वर्षात रोमन २९ तारीख वाढवत नसत. मार्चच्या कालेंदेआधीचा सहावा दिवस, म्हणजे २४ फेब्रुवारी, दोनदा धरत. पंचांगातली वृद्धी तिथी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पायरी पाचवी : किती वाजले?

'क्वोता होरा एस्त?' उत्तर : 'होरा तेर्तिआ एस्त', तीन वाजलेत. 'होरा' स्त्रीलिंगी, म्हणून प्रीमा, सेकुंदा, तेर्तिआ, क्वार्ता, क्वींता, सेक्स्ता, सेप्तिमा, ओक्तावा, नोना, देकिमा, उन्देकिमा, दुओदेकिमा. साडेतीनला आजचे लॅटिन बोलणारे 'होरा तेर्तिआ एत दिमिदिआ' म्हणतात.

पण जुन्या ग्रंथात 'होरा तेर्तिआ' दिसली तर तीन वाजले असं समजू नका. रोमन दिवस सूर्योदय ते सूर्यास्त बारा सारख्या तुकड्यांत कापलेला असे. तिसरा तास म्हणजे आपल्या नऊच्या सुमाराची वेळ, सहावा संपला की मध्याह्न. स्पॅनिश 'सिएस्ता', म्हणजे दुपारची वामकुक्षी, या 'सेक्स्ता'तूनच आली. तुकडे बारा ठरलेले असल्याने तासाची लांबी ऋतूप्रमाणे ताणली जाई. रोममध्ये उन्हाळ्यात तास सुमारे ७५ मिनिटांचा आणि हिवाळ्यात ४५ चा. जळगावच्या अक्षांशावर तोच हिशेब लावला तर जूनमध्ये सुमारे ६७ आणि डिसेंबरमध्ये ५४ मिनिटं येतात. शिवाय आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि जळगाव त्याच्या सुमारे सात अंश पश्चिमेला, म्हणून तिथे खरा मध्याह्न सरासरीने बारा वाजून २८ मिनिटांच्या आसपास होतो. रोमन वेळ घड्याळात बसवताना ही अट्ठावीस मिनिटं विसरली की उत्तर चुकतं.

रात्रीचे तुकडे चार, नाव 'विगिलिआ', पहारा. आपले रात्रीचे चार प्रहर आणि हे चार पहारे अगदी समोरासमोर बसतात.

आता जर्मन घड्याळ, जिथे इंग्रजीतून जाणारे सगळे आपटतात. 'हाल्प ड्राय', शब्दशः 'अर्धा तीन', म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच! हा सापळा मराठी माणसाने अडीच या शब्दाकडे बघून ओळखावा. अडीच संस्कृत 'अर्धतृतीय'मधून आला : तिसरा अर्धा. दीड तसाच 'द्व्यर्ध'मधून, दुसरा अर्धा. साडे मात्र 'सार्ध', म्हणजे अर्ध्यासह. आपण दीड-अडीचपर्यंत जर्मन पद्धतीने मोजतो आणि साडेतीनपासून इंग्रजी पद्धतीने. जर्मन माणूस सगळीकडे अडीचच्याच चालीने जातो : 'हाल्प फिअर' साडेतीन, 'हाल्प फ्युन्फ' साडेचार. रोमनांचं एक नाणं 'सेस्तेर्तिउस', त्याची मूळ किंमत अडीच आस (आस हे त्याहून लहान नाणं), आणि नावाची फोड 'अर्धा-तिसरा'. एकच डोकं तीन ठिकाणी चाललंय.

पाऊण आणि सव्वासाठी जर्मनमध्ये 'फिअर्टेल फोर' (पाव आधी) आणि 'फिअर्टेल नाख' (पाव नंतर) वापरा. जर्मनीच्या पूर्व आणि दक्षिण भागात कुणी 'फिअर्टेल फिअर' म्हणालं तर ते सव्वातीन, सव्वाचार नव्हे. गुजरातीत काही शिकावं लागत नाही : सवा, साडा, पोणा, दोढ, अढी. फक्त प्रश्न 'केटला वाग्या?' असा.

पायरी सहावी : वार

रविवारपासून : दिएस सोलिस, लूने, मार्तिस, मेर्कुरिई, योविस, वेनेरिस, सातुर्नी. ग्रह तेच, क्रम तोच, पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. अडचण आकड्यांच्या वारांची. पोर्तुगीज सोमवार 'सेगुंदा फेइरा', दुसरा. रशियन 'व्तोर्निक'ही दुसरा, पण तो मंगळवार, कारण तिथे मोजणी सोमवारपासून. चिनीतही सोमवारच पहिला. अरबीत रविवार पहिला. आखाती देशात कामाला जाणाऱ्यांनी हे आधी पक्कं करावं. इस्लामी रूढीत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणूनच जुम्म्याच्या आदल्या दिवसाला उर्दूत जुमेरात, जुम्म्याची रात, म्हणतात.

पायरी सातवी : किती वेळ आणि किती वेळात

'तीन दिवस काम केलं' आणि 'तीन दिवसांत काम केलं' यांत मराठी एका प्रत्ययाने फरक करते. लॅटिनमध्ये पहिल्याला द्वितीया : 'त्रेस दिएस'. दुसऱ्याला पंचमी : 'त्रिबुस दिएबुस'. संस्कृतात कालावधीला द्वितीया आणि काम पुरं झालं असेल तर तृतीया, तीच जाणीव. 'तीन वर्षांपूर्वी'साठी 'अब्हिंक त्रेस आन्नोस'. 'सातव्या तासाला' ही ठरावीक वेळ पंचमीत जाते, रूप 'होरा सेप्तिमा' असंच दिसतं, पण शेवटचा आ दीर्घ.

रात्री बाराचा काटा

मध्यरात्रीला दिवस बदलणं ही रोमन कायद्याची सवय. पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो, बोलण्यातही तसाच. म्हणून भुसावळवरून रविवारी रात्री १२:२० ची गाडी असं घरी सांगतात तेव्हा ती रेल्वेच्या लेखी सोमवारची असते, वेळ ००:२० आणि तिकिटावर तारीख सोमवारची हवी. रविवारची तारीख टाकून काढलेलं तिकीट घेऊन रविवारी रात्री स्टेशनवर पोहोचलात, तर ती गाडी जवळजवळ एक दिवस आधीच निघून गेलेली असते. कोणत्याही भाषेत तिकीट काढताना रात्री बारा ते पहाटे चारच्या वेळेला 'रात्री' हा शब्द टाळा, चोवीस तासांचं घड्याळ आणि तारीख दोन्ही सांगा. ए. एम.-पी. एम. लावायचंच असेल तर १२ ए. एम. म्हणजे मध्यरात्र. पण लॅटिनच्या हिशेबाने भर मध्याह्न ना 'आंते' ना 'पोस्त', त्यामुळे तिथे 'दुपारचे बारा' असं सरळ मराठीत लिहिलेलं बरं.